शाळेंतील रिकामी जागा : जोतीराव फुले

म्हसवडच्या माळांवर पाऊस हुलकावणी देतो आणि मेंढपाळ कुटुंबें चाऱ्याच्या शोधांत दूर निघतात, तेव्हां मुलांचीं नांवें हजेरीपटावर राहतात व मुलें कळपामागें चालतात. अशा मुलास आळशी म्हणणें फार सोपें आहे. शेजारच्याच खटाव तालुक्यांतील कटगुण हें ज्यांचें मूळ गांव, ते जोतीराव फुले स्वतः शाळा सुटलेले विद्यार्थी होते, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं.

१८२७ सालीं पुण्यांत त्यांचा जन्म झाला. आई तान्हेपणींच वारली. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करीत. मुलगा मराठी शाळेंत शिकत असतां, माळ्याच्या पोरास विद्या काय कामाची, असें एका कारकुनानें त्यांच्या मनांत भरविलें, आणि त्यांनीं मुलाचें नांव काढून त्यास मळ्यांत नेलें. बाप दुष्ट नव्हता. मळ्यास हात हवे होते. कांहीं वर्षें अशींच गेलीं. पण दिवसभर राबून रात्रीं दिव्यापाशीं पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा दोघां शेजाऱ्यांच्या नजरेस आला. एक उर्दू-फारशीचे शिक्षक गफार बेग मुनशी, दुसरे लिजिट साहेब. त्या दोघांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत पुन्हां बसले. तोंवर त्यांचें लग्नही झालें होतें!

पुढें १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या, ती कथा सर्वश्रुत आहे. त्याहून कमी सांगितली जाते ती १८५५ ची गोष्ट. दिवसा काम सोडतां येत नाहीं अशा शेतकरी-मजुरांसाठीं त्यांनीं आपल्या घरींच रात्रीची शाळा भरविली. शाळेची वेळ बदलतां येते, पोटाची नव्हे.

१८८२ सालीं हंटर आयोगापुढें केलेल्या निवेदनांत त्यांनीं या दुखण्याचें मूळ दाखविलें. शेतकरी अत्यंत गरीब. गुरें राखावयास व शेत सांभाळावयास त्यास मूल लागतें. म्हणून निदान १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करावें, परंतु त्याबरोबर शिष्यवृत्त्या व सहामाही किंवा वार्षिक बक्षिसेंही द्यावींत, असें त्यांनीं मागितलें. नुसती सक्ती म्हणजे गरिबास दंडच कीं! शिक्षकही शक्य तों शेतकरी वर्गांतले, प्रसंगीं नांगर धरण्यास न लाजणारे असावेत, आणि त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा. आमच्या मास्तरबंधूंस हा आंकडा वाचून आज हसूं येईल.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव निवर्तले. ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलांत आला, तो १ एप्रिल २०१० रोजीं.