विश्लेषण : सात कसोटी, एकही विजय नाही, तरीही सी. के. नायडूंचे नाव सर्वात आधी का येते?

भारतीय कसोटी क्रिकेटचे पहिले कर्णधार नागपूरचे. कोट्टारी कनकय्या अर्थात सी. के. नायडू. आजच्या आकडेवारीच्या चष्म्यातून पाहिले तर त्यांची कसोटी कारकीर्द साधारण वाटते : ७ सामने, ३५० धावा, सरासरी २५, एकही शतक नाही. कर्णधार म्हणून ४ सामने, त्यांत ३ पराभव आणि १ अनिर्णित. तरीही बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने का दिला जातो? उत्तर आकड्यांच्या बाहेर आहे.

नागपूरशी नाते काय?

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात, वकिली परंपरा असलेल्या एका तेलुगू कुटुंबात झाला. शिक्षण हिस्लॉप शाळा आणि महाविद्यालयात झाले. क्रिकेटची गोडी याच शहरात लागली. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांचाही जन्म नागपूरचाच. तेही पुढे भारताकडून ११ कसोटी खेळले.

सी. के. यांचे प्रथम श्रेणी पदार्पण १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत झाले. युरोपीय संघाविरुद्ध हिंदू संघाची अवस्था ७ बाद ७९ होती. नायडूंनी पहिले तीन चेंडू रोखले आणि चौथा थेट सीमेपार, षटकार! पुढची अनेक वर्षे प्रेक्षक मैदानावर येत ते याच फटक्यासाठी. १९२३ मध्ये होळकर संस्थानाने त्यांना इंदूरला बोलावून सैन्यात हुद्दा दिला आणि नागपूरकर नायडू इंदूरचे झाले.

१९२६ ची ‘ती’ खेळी एवढी महत्त्वाची का?

आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालील एमसीसी संघ भारतात आला होता. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर नायडूंनी हिंदू संघाकडून दोन तासांच्या आत १५३ धावा फटकावल्या. त्यात ११ षटकार होते. त्या काळी एका डावातील हा विक्रम ठरला. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

भारतीय खेळाडू इंग्लंडच्या तोडीचे आहेत, हे या खेळीने ठसठशीतपणे दिसले. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताला पहिली कसोटी मिळाली. मात्र तोवर नायडू ३६ वर्षांचे झाले होते. कसोटीच्या नोंदवहीत त्यांचा उमेदीचा काळ आलाच नाही, तो यामुळे.

कर्णधारपद कसे मिळाले?

त्या काळात संघाचे नेतृत्व संस्थानिकांकडे जाई. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार होते. पोरबंदर महाराजांना स्वतःच्या खेळाच्या मर्यादा ठाऊक होत्या. ते बाजूला झाले, लिंबडी जायबंदी होते आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर नायडू भारताचे नेतृत्व करत उतरले. संघातील काहींना ते रुचले नव्हते.

मोहम्मद निसारच्या माऱ्यापुढे इंग्लंडची ३ बाद १९ अशी दाणादाण उडाली. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला दुखापत झाली. तशाच हाताने त्यांनी ४० धावा केल्या; पहिल्या डावातील भारताची ती सर्वोच्च धावसंख्या. भारत १५८ धावांनी हरला, पण दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीत १,६१८ धावा आणि ६५ बळी मिळवले. १९३३ मध्ये ‘विस्डेन’ने वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली.

मग पद गेले कसे?

१९३३-३४ मध्ये मायदेशातील पहिल्या मालिकेत नायडूच कर्णधार होते. मुंबई कसोटीत लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक ठोकले, तेव्हा दुसऱ्या टोकाला ६७ धावा करणारे नायडू होते. दोघांनी १८६ धावांची भागीदारी रचली.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे ‘विझी’ यांच्याकडे गेले. तीन कसोटींत त्यांच्या धावा झाल्या ३३. संघात गट पडले, अमरनाथ यांना दौऱ्यातूनच माघारी धाडण्यात आले. नायडू साधे खेळाडू म्हणून खेळत राहिले. ओव्हलवर गबी ॲलन यांचा चेंडू छातीजवळ लागल्यानंतरही त्यांनी ८१ धावा केल्या. ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च खेळी आणि तोच अखेरचा सामना ठरला.

पन्नाशीनंतरही कसे खेळले?

१९४५-४६ मध्ये पन्नासाव्या वर्षी त्यांनी होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या. त्याच मोसमात होळकर संघ प्रथमच रणजी विजेता झाला. भारताने पहिला कसोटी विजय फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला मिळवला. त्या मोसमात देशाचा पहिला कर्णधार ५६ व्या वर्षी रणजीची अंतिम लढत खेळत होता! मुंबईच्या दत्तू फडकरांच्या उसळत्या चेंडूने त्यांचे दात पडले. तरीही ते मैदान सोडून गेले नाहीत. उलट फडकरांना वेग कमी करू नका, असे बजावून त्यांनी अर्धशतक झळकावले.

आकडे काय सांगतात?

- कसोटी : ७ सामने, ३५० धावा, सर्वोच्च ८१, ९ बळी
- प्रथम श्रेणी : २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके, ४११ बळी
- सन्मान : पद्मभूषण (१९५६)

शेवट कुठे झाला?

१९६३-६४ मध्ये महाराष्ट्र राज्यपाल एकादश विरुद्ध मुख्यमंत्री एकादश या लढतीत ६८ वर्षांचे नायडू शेवटचा प्रथम श्रेणी सामना खेळले. ठिकाण होते नागपूर. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. कनिष्ठ गटातील खेळाडू आज ज्या करंडकासाठी झुंजतात, तो त्यांच्याच नावाचा आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने एकही कसोटी जिंकली नाही. पण भारताने कसोटी खेळावी हे सिद्ध करण्यात त्यांच्या बॅटचा वाटा मोठा होता.