शलातुरचा पाणिनी

मी संस्कृत घेतले आहे असे सांगितले की दोन प्रकारची माणसे भेटतात. काही विचारतात, याने पोट कसे भरणार? काही अभिमानाने सांगतात, संगणकाचा शोध पाणिनीनेच लावला. मला दोन्ही मते पटत नाहीत. म्हणून पाणिनीची ही अल्पशी ओळख.

गांधारातील शलातुर हे त्याचे गाव. आज तो भाग पाकिस्तानच्या स्वाबी जिल्ह्यात मोडतो. इ. स. पूर्व पाचवे-चौथे शतक हा त्याचा काळ सामान्यतः मानला जातो. पतंजली त्याला दाक्षीचा पुत्र म्हणतो. सातव्या शतकात ह्युएनत्संगने शलातुरला त्याचा पुतळा असल्याची नोंद केली. त्याला सिंहाने मारल्याची कथा पंचतंत्रात आहे. परंतु त्याचे खरे चरित्र म्हणजे 'अष्टाध्यायी' : आठ अध्याय आणि सुमारे ४००० सूत्रे.

त्यांतील कारकप्रकरण मला विशेष आवडते. वाक्याला वृक्ष मानले तर क्रिया हे खोड, आणि अपादान, संप्रदान, करण, अधिकरण, कर्म व कर्ता या त्याच्या सहा फांद्या. पाणिनी 'कारक' हा मथळा एकदाच देतो. पुढील सूत्रांत तो आपोआप चालत येतो. संगणकावर वाक्यवृक्ष मांडतानाही समान गुण मूळ वर्गात एकदाच लिहितात आणि उपवर्गांत फक्त वेगळेपण नोंदवतात.

मराठी वाक्यांसाठी असा छोटासा प्रोग्रॅम लिहिताना माझ्यापुढे प्रश्न आला, की एकच शब्द दोन वर्गांत बसू लागला तर काय करावे? टीकाकारांचे जुने उदाहरण धनुष्याचे आहे. धनुष्याने वेध घेतला, तर बाण धनुष्यापासून सुटतो म्हणून ते अपादान, आणि वेधाचे साधन म्हणून करण. पाणिनीचा नियम असा, की या प्रकरणात एका वेळी एकच संज्ञा लागावी, आणि विरोध आल्यास नंतर सांगितलेली टिकावी. करण नंतर येते. म्हणून धनुष्य करण ठरते. सहा कारकांचा क्रमही त्याने विचारपूर्वक लावला आहे, हे मला तेव्हा उमगले.

जॉन बॅकसने १९५९ साली प्रोग्रॅमिंग भाषांचे व्याकरण लिहिण्याची एक पद्धत मांडली. तिला पाणिनीचेही नाव द्यावे, असे पीटर इंगरमनने १९६७ साली सुचवले. हा गौरव यथार्थ आहे; पण पाणिनीपुढे यंत्र नव्हते, लोकांची जिवंत बोली होती. ती नेमकी ऐकून त्याने थोडक्यात बांधली. माझ्या मित्रांनी सूत्रे पाठ करण्यापूर्वी त्यांचा क्रम एकदा तपासून पाहावा.