फ्रेडरिक डग्लस : अक्षर आणि मजुरी



पोरगा कामाला लागला तर घरात चार पैसे येतील, शाळेत जाऊन काय मिळणार, असा प्रश्न आपल्या वस्तीत आजही ऐकू येतो. हा प्रश्न पोटाचा आहे, त्याला हसून चालणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. त्या झटणाऱ्यांत स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले फ्रेडरिक डग्लस होते. त्यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

डग्लस यांचा जन्म १८१८ साली मेरीलँड राज्यात गुलाम आईच्या पोटी झाला. आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांना बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड याच्या घरी कामाला पाठवले. घरच्या बाईने त्यांना मुळाक्षरे शिकवण्यास सुरुवात केली. नवऱ्याला कळताच त्याने ते बंद पाडले. शिकलेला गुलाम धन्याच्या कामाचा राहत नाही, असे त्याचे मत होते. ते ऐकून मुलाने मनाशी ठरवले की शिकायचेच. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांनी वाचन शिकून घेतले. बाराव्या वर्षाच्या सुमारास जमवलेले ५० सेंट खर्चून भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले.

आता मजुरीकडे लक्ष द्या. मोठेपणी ते बाल्टिमोरच्या गोदीत जहाजाच्या फळ्यांतील फटी बुजवण्याचे काम शिकले. दिवसाला दीड डॉलर, कामाच्या दिवसांत आठवड्याला सहा ते नऊ डॉलर ते मिळवीत. पण आठवडा संपला की सारी रक्कम ऑल्डच्या हातावर ठेवावी लागे. सहा डॉलर दिले, तर खूश होऊन तो कधी सहा सेंट परत देई.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषात ते पळाले आणि न्यू बेडफर्ड बंदरात राहू लागले. तेथे गुलामगिरी नव्हती. त्यांच्या कसबाला दिवसाला दोन डॉलर मिळत. पण काळा माणूस आला तर आम्ही काम सोडू, अशी धमकी गोऱ्या कारागिरांनी दिली. मग डग्लस यांनी निम्म्या मजुरीवर लाकडे फोडली, ओझी वाहिली.

हे वाचून तुम्हाला मुंबईच्या गिरण्या आठवतील. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळ वाटे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय उघडपणे मांडला.

डग्लस यांना हमाली करावी लागली, म्हणून त्यांची विद्या वाया गेली काय? नाही. १८४१ पासून ते सभा गाजवू लागले. १८४५ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले, १८४७ साली स्वतःचे वृत्तपत्र. १८६३ साली यादवी युद्धात काळ्या सैनिकांची भरती सुरू झाली. डग्लस यांचे दोन मुलगेही गेले. गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर पगार होता. काळ्याला १०, आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून हाती ७. डग्लस यांनी अध्यक्ष लिंकन यांना भेटून समान पगार मागितला. अनेक काळ्या सैनिकांनी कमी पगार घेण्यास नकार दिला. अखेर १८६४ साली समान वेतनाचा कायदा झाला.

तरी लढा संपला नाही. त्यांचा मुलगा लुईस वडिलांच्या छापखान्यात खिळे जुळवण्यास शिकला होता. १८६९ साली त्याला वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात काम मिळाले, पण तेथील कामगार संघटनेने त्याला सभासद करून घेतले नाही. १८९५ साली डग्लस वारले, तोवर ते बोलत आणि लिहीत राहिले.

यावरून काय घ्यायचे? शिक्षणाने कसबाची किंमत वाढते, पण ती किंमत आपल्या हाती पडावी म्हणून हक्क आणि संघटना लागते. आणि हक्क मागायलाही अक्षरच लागते. म्हणून चार पैशांसाठी मुलाला किंवा मुलीला शाळेतून काढू नका. तुमच्या पगाराची चिठ्ठी आज रात्री त्यांच्याकडून वाचून घ्या. कापलेला प्रत्येक पैसा कशासाठी कापला, ते विचारायला तेथूनच सुरुवात होते.