त्रिकोणी पट्टीचे आचार्य

जर्मनीतील कील विद्यापीठाचे शल्यविशारद फ्रीड्रिश फॉन एस्मार्क (१८२३–१९०८) यांनी रणभूमीवर जवळून पाहिले की, वाहणारे रक्त वैद्याची वाट पाहत नाही. त्यांनी सैनिकांसाठी त्रिकोणी पट्टी प्रचारात आणली. ती कशी बांधावी याची चित्रे कापडावरच छापलेली असत. १८८१ मध्ये लंडन येथे त्यांनी सेंट जॉन संस्थेचे प्रथमोपचार वर्ग पाहिले आणि पुढच्याच वर्षी कील येथे सामान्य नागरिकांसाठी तशी शाळा उघडली. रक्तस्राव थांबविणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे तेथे शिकविले जाई. या निष्णात आचार्यांनी आपल्या विद्येचा पहिला पाठ सर्वांच्या हाती सोपविला. प्रथमोपचार पेटीत ती त्रिकोणी पट्टी आजही असते. ती बांधणारे हात मात्र घडवावे लागतात.