रविवारची सुट्टी मागणारा स्टोअरकीपर

रविवारी सकाळी आपण उशिरापर्यंत लोळतो. आई ओरडते, आपण गोधडी डोक्यावर ओढतो. आमच्या निमोण्यात माझा मावसभाऊ मात्र त्याच वेळी रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा असतो. रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत तो कंत्राटावर आहे. मागे त्याचं बोट मशीनमध्ये आलं. पंधरा दिवस घरी बसला आणि तेवढ्या दिवसांचा पगार कापून गेला. घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं, की कंत्राटात असंच असतं.

मग इंटर्नशिपच्या कामासाठी मी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याबद्दल वाचायला घेतलं. त्यांच्या मागण्यांच्या यादीत एक कलम होतं, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. साल १८८४! मी ते दोनदा वाचलं.

लोखंडे हे नाव तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये एका ओळीत वाचलं असेल. भारतीय कामगार चळवळीचे जनक, एक मार्क, पुढचा प्रश्न. त्या ओळीमागचा माणूस आपल्या शेजारचाच निघाला. घराणं मूळचं खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं, म्हणजे शिरूर तालुक्याची हद्द ओलांडली की आलंच. जन्म ठाण्याचा, १८४८ सालचा. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण जेमतेम. आधी रेल्वे आणि पोस्टात नोकरी, मग मुंबईतल्या मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर.

ही स्टोअरकीपरची नोकरी मला महत्त्वाची वाटते. हा माणूस मशीनवर उभा नव्हता, पण मशीनवर उभी असलेली माणसं रोज त्याच्यासमोरून जात होती. गिरणीचा दिवस तेव्हा सूर्यावर चालायचा. उजाडलं की भोंगा, अंधार पडला की सुटका. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही आणि पगार कधी हातात पडेल याचा भरवसा नाही. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला, तो मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घेऊ नका आणि बारापर्यंतच्यांना नऊ तासच राबवा. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ साली सुरू केलेलं ‘दीनबंधु’ बंद पडायला आलं, तेव्हा लोखंड्यांनी ते १८८० पासून मुंबईत चालवायला घेतलं. म्हणजे आजच्या भाषेत, पक्की नोकरी सोडून तोट्यातलं पोर्टल अंगावर घेतलं. (आमच्या मास कॉमच्या वर्गात कुणाला हे सुचणार नाही. मलाही नाही.) त्यात ते सगळीकडे धाडसीच होते असंही नाही. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणं त्यांनी छापली आणि पुढची थांबवली. जोतीराव यावर भलतेच चिडले होते. गुरूचा राग ओढवून घेणारा हा संपादक मला चरित्रातल्या फोटोपेक्षा खरा वाटतो.

आता १८८४. सरकारने मुंबईत फॅक्टरी कमिशन नेमलं. मालकांचं म्हणणं ऐकलं जाणार हे उघड होतं. प्रश्न होता कामगारांच्या बाजूने बोलणार कोण? सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि अर्ज तयार केला. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, जखमी असेल तर बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय. त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे दिले. याच धामधुमीत ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली.

आता तुम्हाला वाटेल, मोठी युनियन असेल. तर नाही. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता. लोखंडे अध्यक्ष होते आणि येईल त्या कामगाराला फुकट सल्ला देत होते. युनियनला मान्यता देणारा कायदा आला १९२६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी. मालकाने उद्या म्हटलं असतं की तुम्ही कोण, तर दाखवायला कागद नव्हता. होत्या त्या सह्या.

आणि लगेच काही झालंही नाही. पुढची सहा वर्षं अर्ज, सभा, पुन्हा अर्ज. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. विचार करा, १८९० साली, दहा हजारांसमोर. त्यांची नावं गाईडमध्ये नाहीत. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असाही युक्तिवाद लोखंड्यांनी केला असं सांगतात. आपल्याकडून जेजुरीला जाणाऱ्यांना तो लगेच पटेल. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. बायकांचं काम अकरा तासांवर आलं. जखमेच्या पगाराचं कलम मात्र तसंच राहिलं. भरपाईचा कायदा थेट १९२३ चा.

बाकीचं भराभर सांगते. विधवांचं केशवपन करायला नकार देणारा न्हाव्यांचा संप त्यांनी घडवून आणला. १८९३ च्या दंगलीनंतर सलोख्यासाठी राणीच्या बागेत सभा घेतली. सरकारने रावबहादूर केलं. मग मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. लोखंडे थांबले, रोग्यांसाठी धावपळ करत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले. वय पन्नाशीच्याही आत. महिन्याभराने, पुण्यात हेच काम करताना, सावित्रीबाई गेल्या.

गोव्यात पणजीला जाऊन मांडवीतल्या कॅसिनो बोटींचे रील्स टाकणारे तुमच्यातही असतील. तिथे पत्ते वाटणाऱ्या पोरांना शनिवार-रविवारी सुट्टी कशी मिळेल, गर्दी तेव्हाच तर असते. अमेरिकेत लास व्हेगसच्या कॅसिनोंमधल्या वेटर आणि साफसफाईवाल्यांनी २०२३ साली संपाची तारीख जाहीर केली आणि मालकांनी आदल्या दिवसांतच करार केले. त्यांच्याकडे वर्गणी होती, यादी होती, फंड होता.

मावसभावाला मी लोखंड्यांच्या मागण्यांचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिक रात्री साडेअकराला आल्या, शिफ्ट सुटल्यावर. त्याने एवढंच विचारलं, की सह्या घ्यायच्या तर पहिली सही कुणी करायची?