खिशातला खाऊ वितळला आणि...

फ्रीजरमधून काढलेला मटणाचा गोळा मायक्रोवेव्हमध्ये ठेवावा, बटण दाबावे आणि काही मिनिटांनी पाहावे तर कडा शिजून वातड झालेल्या, मधला भाग मात्र दगडासारखा गोठलेला! हा अनुभव अनेक घरांत येतो आणि खापर यंत्रावर फुटते. वास्तविक यंत्र आपले काम चोख करीत असते. ते अन्नातले नेमके काय तापवते, याचा पहिला शोध घेणारा माणूस शाळेची पायरीसुद्धा नीट चढलेला नव्हता. पर्सी लेबॅरन स्पेन्सर हे त्याचे नाव.

अमेरिकेच्या मेन राज्यातील हाऊलंड या लहानशा गावी १८९४ साली पर्सीचा जन्म झाला. तो दीड वर्षाचा असताना वडील वारले. आईने त्याला काका-काकूंच्या हवाली केले, पण पर्सी सात वर्षांचा असताना काकांचेही निधन झाले. बाराव्या वर्षी शाळा सोडून तो लाकडी रिळे बनविणाऱ्या गिरणीत मजुरीस लागला. पुढे जवळच्या एका कागद गिरणीत वीज येणार असल्याचे कळताच या पोराने विजेविषयी मिळेल ते वाचून काढले आणि तारा जोडण्याचे काम मिळविले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली. त्या रात्रीच्या बिनतारी संदेशांच्या कहाण्या ऐकून तो नौदलात भरती झाला. रात्रीच्या पहाऱ्यावर पुस्तके उघडून त्याने गणित आणि भौतिकशास्त्र आत्मसात केले. पदवी नाही, गुरू नाही!

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्पेन्सर मॅसॅच्युसेट्समधील रेथिऑन कंपनीत दाखल झाले. त्यांच्या कर्तृत्वाचा खरा कस लागला तो दुसऱ्या महायुद्धात. रडारसाठी सूक्ष्मलहरी निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नावाची नळी ब्रिटनमध्ये जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी १९४० साली घडविली होती. पण तांब्याच्या घन ठोकळ्यातून ती कोरून काढावी लागे आणि त्यात फार वेळ जाई. स्पेन्सर यांनी ठोकळ्याऐवजी धातूच्या पातळ चकत्या कापून, एकावर एक रचून जोडण्याची युक्ती काढली. दिवसाला जेमतेम १७ नळ्या तयार होत, त्या पुढे २,६०० होऊ लागल्या. या कामगिरीबद्दल अमेरिकी नौदलाने त्यांचा गौरव केला.

युद्ध संपत आले तेव्हाची गोष्ट. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना स्पेन्सर यांच्या खिशातली कँडी वितळली. या नळ्यांपाशी ऊब जाणवते, हे इतरांच्याही लक्षात आले होते. तिचा पाठपुरावा मात्र स्पेन्सर यांनीच केला. त्यांनी मक्याचे दाणे मागवून नळीसमोर धरले, तर त्यांच्या लाह्या फुटल्या. मग पाळी अंड्याची आली. कवचासह ठेवलेल्या अंड्यात वाफ कोंडली आणि वाकून पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर ते फुटले. कवचाचे अंडे किंवा घट्ट झाकणाचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ही आजची सूचना त्या सहकाऱ्याने प्रत्यक्ष भोगली होती म्हणायची! ऑक्टोबर १९४५ मध्ये स्पेन्सर यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९५० साली ते मंजूर झाले. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या हाती पडले अवघे दोन डॉलर.

१९४७ चा ‘रडारेंज’ हा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. नळी थंड ठेवण्यास त्याला पाण्याची जोडणी लागे. त्यात मांसावर खरपूस रंग चढत नसे आणि बटाट्याचे काप लिबलिबीत होत. उपाहारगृहे आणि जहाजांचे भटारखाने एवढेच त्याचे गिऱ्हाईक. १९६७ मध्ये ४९५ डॉलरचा, ओट्यावर मावणारा ओव्हन बाजारात आला, तेव्हा कुठे तो घराघरांत शिरला. कंपनीचे उपाध्यक्षपद आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट मिळविलेल्या स्पेन्सर यांना हे पाहायला मिळाले. सप्टेंबर १९७० मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या प्रयोगांत फुटलेल्या दाण्यात आणि अंड्यात एक गोष्ट समान होती, ती म्हणजे पाणी. ओव्हनमधील लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा कंप पावतात आणि त्यांच्यामागे फिरू पाहणारे पाण्याचे रेणू तापतात. बर्फातले रेणू मात्र जखडलेले असल्याने तो या लहरी फारच थोड्या शोषतो. म्हणून गोठलेल्या गोळ्याचा जो कोपरा आधी वितळतो तोच भराभर शिजू लागतो आणि गाभा तसाच राहतो. ‘डीफ्रॉस्ट’चे बटण लहरी थांबवून थांबवून सोडते, ते कडांची उष्णता आत झिरपायला सवड मिळावी म्हणून. मांस चपटे करून गोठवावे, मध्येच उलटावे, सुटलेले तुकडे वेगळे काढावे आणि वितळल्याबरोबर शिजवावे. कोमट झालेल्या कडा जंतूंना फार मानवतात.

शिळे अन्न गरम करताना हाच असमानपणा अधिक घातक ठरतो. १९९२ साली अलास्कातील जुनो येथे एका सहलीतील भाजलेल्या डुकराच्या मांसातून साल्मोनेलाची लागण झाली. उरलेले मांस घरी नेऊन मायक्रोवेव्हमध्ये तापविणारे दहाच्या दहा जण आजारी पडले. साध्या ओव्हनमध्ये किंवा तव्यावर ज्यांनी ते तापविले, त्यांपैकी एकालाही बाधा झाली नाही. लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर शिरतात, शिवाय त्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत. वरून वाफ निघाली म्हणजे आत सगळे तापले असे नव्हे. गाभ्यातले तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवे. त्यासाठी पदार्थ पसरट भांड्यात, सैल झाकण ठेवून तापवावा, मध्ये एकदा तळापासून ढवळावा आणि बंद झाल्यावर दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्यावा. घंटी वाजल्यावरही उष्णता आत सरकत असते. घाईच्या वेळी नेमकी हीच दोन मिनिटे वगळली जातात.