मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड : दोन्ही गोळ्यांमागचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

तुमच्या घरात कुणाला आमवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट सुरू असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा एकदा काढून पाहा. तिच्यावर बहुधा दोन गोळ्या लिहिलेल्या असतील. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. फॉलिक ॲसिड मात्र तो वार सोडून. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या तर काय बिघडेल, किंवा मेथोट्रेक्सेट रोज घेतली तर लवकर गुण येईल का, असे प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात.

या प्रश्नांचे उत्तर एका भारतीय शास्त्रज्ञाच्या आयुष्यात सापडते. त्यांच्या नेतृत्वाखालच्या एकाच प्रयोगशाळेत आधी फॉलिक ॲसिड तयार झाले आणि काही वर्षांतच त्याला अडवणारे मेथोट्रेक्सेटही. त्यांची गोष्ट वाचली की ठरलेल्या वाराचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भीमावरमचा मुलगा

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी, आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला होते, पण आजारपणामुळे त्यांना लवकर निवृत्त व्हावे लागले. घरची परिस्थिती ओढग्रस्तीची होती. सुब्बाराव मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. आईच्या हट्टामुळेच त्यांचे शिक्षण चालू राहिले.

पुढे त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. तो गांधीजींच्या चळवळीचा काळ होता. सुब्बाराव खादी वापरू लागले आणि शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचाच अंगरखा घालून गेले. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. शेवटी एमबीबीएसऐवजी एलएमएस या कमी दर्जाच्या पदवीवर त्यांना समाधान मानावे लागले.

याच काळात घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने गेले. घरात शिरलेला आजार होता ट्रॉपिकल स्प्रू. या आजारात लहान आतड्याचे अस्तर खराब होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब थांबत नाहीत, जीभ लाल होऊन सोलवटते, वजन घटते, रक्त कमी होत जाते. स्वतः सुब्बारावांनाही हा आजार झाला. डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते बरे झाले. नंतर मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. पण माणूस जेवतो आणि तरीही उपासमारीने मरतो, हे का होते, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही.

बोस्टनमधली रात्रपाळी

१९२२ मध्ये सासऱ्यांच्या आर्थिक मदतीने ते अमेरिकेत बोस्टनला गेले. हार्वर्डमध्ये उष्ण प्रदेशातील आजारांचा अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. पैसे पुरत नव्हते, म्हणून एका रुग्णालयात रात्रपाळीला वॉर्डबॉयची कामे केली. रुग्णांची भांडी साफ करण्याचे कामही त्यात होते. पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या. ते गेल्यावर जन्मलेला मुलगा तान्हेपणीच दगावला. सुब्बाराव पुढे कधीच भारतात परतले नाहीत आणि पती-पत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

पदविका मिळाल्यावर ते हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्क यांच्याकडे काम करू लागले. १९२५ मध्ये या दोघांनी रक्तातील आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यात ठरावीक रसायने घातली की निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. फिस्क-सुब्बाराव या नावाने ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत अनेक दशके वापरली गेली. किडनीच्या रुग्णांच्या रिपोर्टमध्ये फॉस्फरसचा आकडा असतो, तो मोजण्याची वाट या पद्धतीने सोपी केली.

हीच पद्धत स्नायूंच्या अर्कावर वापरताना निळा रंग अपेक्षेपेक्षा सावकाश येतो, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे काही फॉस्फरस कशाला तरी सैल बांधलेला होता आणि हळूहळू सुटत होता. त्यातून १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडले आणि १९२९ मध्ये एटीपी. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी एटीपी वेगळे काढले होते. तुम्ही बोट हलवता, श्वास घेता, हृदय एकदा आकुंचन पावते, त्या प्रत्येक वेळी एटीपी खर्च होत असते. शरीरातील ऊर्जेचे हे चलन आज शाळेच्या पुस्तकातही असते. सुब्बारावांचे नाव मात्र तिथे क्वचितच दिसते.

१९३० मध्ये त्यांना पीएचडी मिळाली, पण हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे ते संशोधन प्रमुख झाले.

मुंबईच्या गिरणी कामगार बायका आणि फॉलिक ॲसिड

इथे थोडे मागे, आपल्या मुंबईत यावे लागेल. १९२८ नंतर लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत काम करत होत्या. गरीब वस्तीतील गरोदर बायकांना, त्यातही गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना, एक वेगळ्या प्रकारचा ॲनिमिया होत असे. त्यात लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. लुसी विल्स यांनी त्यांना यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि त्यांचे रक्त भरून आले. हे काम १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टमध्ये काहीतरी होते हे कळले, पण ते काय, हे कुणाला माहीत नव्हते.

१९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळे केले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. पण कित्येक किलो पाने किंवा यकृत लागावे आणि हाती चिमूटभर पदार्थ यावा, अशी स्थिती होती. १९४५ मध्ये सुब्बारावांच्या नेतृत्वाखालील चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने बनवले. आता ते हवे तितके तयार करता येणार होते.

टॉम स्पाइस या डॉक्टरांनी हे औषध स्प्रूच्या रुग्णांना दिले. त्यांचे रक्त वाढले, जीभ बरी झाली, भूक परतली. ज्या आजाराने सुब्बारावांचे घर पोखरले होते, त्याच्यावर त्यांच्याच प्रयोगशाळेतील गोळी लागू पडली.

यातून एक इशाराही मिळाला. बी-१२ कमी असलेल्या रुग्णांत फॉलिक ॲसिडने रक्त सुधारले, पण नसांचे नुकसान थांबले नाही. म्हणून हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर फक्त फॉलिक ॲसिड घेऊन थांबू नका. आधी बी-१२ तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल तर.

कुलपात अडकलेली चुकीची किल्ली

नवी पेशी तयार होताना डीएनए नव्याने बनवावा लागतो आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, त्यामुळे त्यांचीही भूक मोठी असते. बोस्टनमधील बालविकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फॉलिक ॲसिडसारखी संयुगे देऊन पाहिली. आजार कमी होण्याऐवजी वाढतो आहे, असे त्यांना दिसले. मग उलटा विचार झाला. फॉलिक ॲसिडचा मार्गच अडवला तर?

अडवणारी संयुगे सुब्बारावांच्या चमूने तयार केली. त्यांचा रेणू फॉलिक ॲसिडसारखाच दिसतो, पण थोडा वेगळा असतो. पेशीतील एन्झाइम त्याला खरा समजून पकडते आणि तिथेच अडकते. कुलपात चुकीची किल्ली अडकली की खरी किल्ली हातात असूनही दार उघडत नाही, तसे. यातल्या ॲमिनॉप्टेरिन या औषधाचे निष्कर्ष फार्बर यांनी जून १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती काही महिनेच टिकली, आजार परत आला. पण तोवर हा आजार म्हणजे आठवड्यांचा हिशेब होता. औषधाने तो मागे हटू शकतो, हे पहिल्यांदा दिसले. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले, त्याच प्रयोगशाळेतले औषध. बालवयातील ल्युकेमियाच्या आजच्या उपचारांत इतर औषधांबरोबर ते आहेच, आणि योग्य उपचार मिळालेली बहुतेक मुले बरी होतात.

आमवातात हेच औषध खूपच कमी मात्रेत, आठवड्यातून एकदा दिले जाते. तिथे ते सांध्यांतील दाह शांत करते.

शेवटची वर्षे

लेडर्लेमध्ये आणखी दोन महत्त्वाची औषधे सुब्बारावांच्या देखरेखीखाली पुढे आली. हत्तीरोगावरचे डीईसी हे १९४७ चे. विदर्भात हत्तीरोग मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरी येऊन समोर गोळ्या खायला लावतात, त्यात डीईसी असते. दुसरे ऑरिओमायसिन, हे बेंजामिन डग्गर यांनी शोधलेले टेट्रासायक्लिन गटातले पहिले प्रतिजैविक. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो टाळण्यासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात, ते याच गटातले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, झोपेत हृदयविकाराने सुब्बारावांचे निधन झाले. फार्बर यांचा तो निबंध प्रसिद्ध होऊन दोन महिनेच झाले होते. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाही. १९९५ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढले.

आता तुमची चिठ्ठी

मेथोट्रेक्सेट पेशींच्या आत काही दिवस टिकून राहते, म्हणून आठवड्यातून एक मात्रा पुरते. उरलेल्या दिवसांत अस्थिमज्जा, तोंड आणि आतड्यातील निरोगी पेशी सावरतात. गोळी रोज घेतली तर त्यांना सावरायला वेळच मिळत नाही. काही दिवसांच्या चुकीनेही जीव धोक्यात येऊ शकतो.

- मेथोट्रेक्सेटचा वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा. घरातल्या आणखी एका माणसाला तो माहीत असू द्या.
- एखाद्या आठवड्यात चुकली, तर मनाने दुप्पट घेऊ नका. डॉक्टरांना विचारा.
- फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच घ्या. त्याने तोंड येणे, मळमळ यांसारखे त्रास कमी होतात. ते बंद करू नका. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असू शकतात, म्हणून नाव वाचूनच घ्या.
- तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला, धाप, अंगावर निळे डाग यांपैकी काही दिसले, किंवा चुकून रोज गोळी घेतली गेली, तर पुढची मात्रा थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जा. अशा वेळी घरचे फॉलिक ॲसिड जास्त घेऊन भागत नाही. ल्युकोव्होरिन हे वेगळे औषध द्यावे लागते.
- लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिली जाणारी को-ट्रायमॉक्सॅझोल ही गोळीही फॉलिक ॲसिडचाच मार्ग अडवते. दोन्ही एकत्र धोक्याच्या आहेत. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे आधी सांगा.
- रक्त, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या सांगितलेल्या वेळी करा. दारू टाळा.
- मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नका. मूल हवे असेल तर औषध किती आधी बंद करायचे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.
- इतर सर्व स्त्रियांनी मात्र गर्भधारणेचा विचार सुरू होताच फॉलिक ॲसिड सुरू करावे. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत तो काळ जवळजवळ संपलेला असतो.